खड्डा कळत नाही

“तो रस्ता इतका वाईट आहे का हो?”

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात हा प्रश्न मी दवाखान्यात आलेल्या एका बाईंना विचारला, आणि त्या उत्तर न देता माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. वय साठीच्या पुढचे. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या मुकुंदवाडीतल्या घरून निघाल्या होत्या. वाटेत पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे चाक गेले, त्या एका अंगावर फेकल्या गेल्या आणि पडताना हात टेकला. उजवे मनगट मोडले. मी हाडांचा डॉक्टर आहे. पावसाळ्यात अशी मनगटे मला नवी नाहीत. नवे होते ते एवढेच, की त्यांनी सांगितलेल्या जागेवरून मी त्याच सकाळी आलो होतो, रोजच येतो, आणि तिथे खड्डा असल्याचे मला काही केल्या आठवेना.

माझी अडचण त्यांच्या मुलाने ओळखली. “साहेब, तुमची गाडी कोणती?” त्याने विचारले. मी सांगितली. “मग बरोबर आहे,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. आंधळ्याला रंग दिसत नाहीत हे आपण जसे न रागावता मान्य करतो, तसे त्याने माझे न कळणे मान्य करून टाकले. राग आला असता तर मी त्याला उत्तर दिले असते. त्या तीन शब्दांना मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते अजून माझ्या मागे लागलेले आहेत.

गाडीचे नाव इथे सांगत नाही. या वर्गात पाचसहा कंपन्यांच्या गाड्या आहेत आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या सगळ्यांना सारखेच लागू आहे. ‘लक्झरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ असे त्या वर्गाचे भारदस्त नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर उंच बांध्याची, आखूड अंगाची, श्रीमंत घराण्यातली गाडी. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, म्हणून गुलमंडीच्या गर्दीत किंवा जुन्या दरवाजांच्या कमानीत ती फारशी अडत नाही. किंमत मात्र पन्नास लाखांच्या घरात. एके काळी मोटारीची श्रीमंती तिच्या लांबीवर मोजत असत. आता लहान अंगातही मोठ्या गाडीचे सगळे लाड भरता येतात, आणि माझ्यासारख्या, वाडा परवडणार नाही पण चौसोपी वाड्याची हौस आहे अशा माणसाची सोय होते.

या गाड्यांचे आणि आमच्या शहराचे नाते जुने आहे. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले ते २०१० च्या ऑक्टोबरात. इथल्या उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या. एकूण किंमत ६५ कोटींच्या घरात. आपल्या शहराकडे कोणी पाहत नाही, ते पाहावे, हा हेतू त्यांनी लपवला नव्हता. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘द हिंदू’मध्ये लिहून दाखवून दिले की या गाड्यांना ७ टक्के व्याजाने कर्ज मिळाले आणि याच जिल्ह्यात ट्रॅक्टरला त्याच्या दुपटीहून अधिक दराने. त्या टीकेत तथ्य होते आणि ती अजून जुनी झालेली नाही. इकडे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. पुढे तिथेच ऑडीच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या आणि नव्या पिढीची क्यू-३, म्हणजे याच आखूड वर्गातली गाडी, २०२३ पासून तिथे तयार होऊ लागली. म्हणजे ही गाडी आमच्याकडे नुसती मिरवत नाही, जन्मही घेते.

दीडशे गाड्यांच्या त्या मिरवणुकीत मी नव्हतो. तेवढी ऐपत नव्हती. घाटीत शिकत होतो तेव्हा माझ्याकडे बजाजची जुनी स्कूटर होती. बजाजचा कारखाना १९८५ पासून वाळूजला. तेव्हा त्या स्कूटरला गावातलीच म्हणायला हरकत नाही. तिच्यावर बसून या शहराचा रस्तान्‌रस्ता मी माकडहाडाने ओळखत होतो. रात्रीच्या ड्यूटीहून परत येताना डोळे मिटत, पण कुठला खड्डा कधी येणार हे पाठीला पाठ असे. (हा शब्दखेळ माझा नाही, पाठ होणे आणि पाठ हे आपल्या भाषेने आधीच जुळवून ठेवले आहे.)

मोटारीवर नैतिक विचार करायचा म्हटले की पहिला आरोप दिखाऊपणाचा येतो. तो मला फारसा गंभीर वाटत नाही. हौसेला मोल नसते असे आपण लग्नातल्या शालूबद्दल म्हणतो, तर गाडीबद्दल का म्हणू नये? शिवाय दिखावा ही फार भोळी गोष्ट आहे. दाखवणाऱ्या माणसाला निदान पाहणारा तरी लागतो. त्याची दुसऱ्याकडची नजर सुटलेली नसते. माझी शंका निराळी आहे. पन्नास लाखांतला बाहेरून दिसणारा भाग थोडा. उरलेले पैसे आपण कशासाठी मोजतो? बंद काचेआड शांतता असावी, हादरा आसनापर्यंत पोचू नये, चढ चढल्यासारखा वाटू नये, यासाठी. विकत काय मिळते, तर अनेक गोष्टी न जाणवणे.

आमच्या विद्यापीठ परिसरात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत अशा गाडीचे चार मालक आहेत. गोगाबाबा टेकडीकडे तोंड करून आमच्या गप्पा चालतात. सिल्लोडकडे जिनिंग असलेले एक गृहस्थ म्हणतात की समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना कपातला चहा हलत नाही. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीचे म्हणणे अधिक विचार करण्याजोगे आहे. मध्यरात्री अडलेल्या बाळंतपणासाठी धावताना शरीर शिणत नाही, हात थरथरत नाही, याचा फायदा शेवटी त्या बाईलाच होतो. तेव्हा यात पाप ते कसले? मला यावर काही बोलता आले नाही. चौथे गृहस्थ शेतकरी. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मोबदला आला आणि मुलाने गाडी घेतली. मी रस्ता जाणवण्याविषयी काही बोलू लागलो तेव्हा ते थांबले. “डॉक्टरसाहेब, माझा बाप बैलगाडीत गेला. दवाखान्यात नेत होतो; रस्त्यानं हाड न् हाड वाजत होतं त्याचं. तुम्ही मला खड्ड्याचं कौतुक सांगू नका.”

मी सांगितले नाही, आणि इथेही सांगणार नाही. दुःखाने माणूस शुद्ध होतो यावर माझा विश्वास नाही. असता तर मी हा धंदा केला नसता. तरीही काही तरी सुटते आहे, आणि ते काय याची जाणीव मला एका पंक्चरच्या दुकानात झाली.

दीड वर्षात माझ्या गाडीची तीन टायरे गेली. दर वेळी दुखणे एकच. चाक वेगाने खड्ड्यात आदळते, चाकाची कड आणि रस्ता यांच्यामध्ये रबर चेंगरते, आतले दोर तुटतात आणि टायरच्या कुशीला फुगा येतो. तो फुगा कधीही फुटू शकतो. टायर बदलल्यावाचून गत्यंतर नाही. तिसऱ्या वेळी मी चिडलो. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी टायरवर हात फिरवला आणि आमच्या शहराच्या दखनीत निदान केले, “साब, इस गाडी में रोड मालूमच नई पडता ना. इसलिए टायर जाता.” छोट्या गाडीचा मालक पहिल्याच धक्क्याला वेग कमी करतो. मला धक्का कळतच नाही, म्हणून मी त्याच वेगाने पुढच्या खड्ड्यात जातो.

मी थक्क झालो, कारण हे निदान मी स्वतः आठवड्यातून दोनदा लोकांना सांगतो, फक्त ते पायाबद्दल असते. मधुमेह फार दिवस अंगात राहिला की काहींच्या पायांची संवेदना जाते. पाय दुखत नाही, जळजळत नाही. रुग्णाला वाटते, बरे झाले. मग चपलेत खडा जातो आणि दिवसभर टोचत राहतो, ते त्याला कळत नाही. संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. कधी पाऊल काढावे लागते. त्या पायाला खडा मारत नाही. खड्याचे न कळणे मारते.

आमच्याच शाखेचे पॉल ब्रँड नावाचे डॉक्टर १९४६ साली वेल्लोरला आले आणि त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर आयुष्य घालवले. कुष्ठरोगात बोटे झडतात अशी समजूत होती. ब्रँड यांच्या लक्षात आले की रोग मज्जातंतू मारतो. बोटे जातात ती पुढे रोजच्या इजांनी, कारण इजा कळत नाही. एकदा गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एक कुष्ठरोगी मुलगा पुढे झाला, त्याने किल्ली सहज फिरवली. त्याचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ता नव्हता. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रणा बसवली. दाब वाढला की इशारा वाजे. प्रयोग फसला. रुग्णाला काम उरकायचे असले की तो इशारा बंद करी आणि काम करून टाकी. बंद करता येतो तो इशारा वेदनेची जागा घेऊ शकत नाही.

आता शहराकडे पाहू. कित्येक वर्षे या शहरात नळाला पाणी आले ते चार-चार, आठ-आठ दिवसांनी. पन्नास किलोमीटरवर पैठणला नाथसागर आहे, तरीही. आम्ही काय केले? मोर्चे काढले का? थोडे दिवस काढले. मग ज्याला जमले त्याने बोअर घेतले, टाकी बांधली, टँकर लावला. वीज गेली, इन्व्हर्टर आला. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेल्या पुस्तकात नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण आहे. रेल्वे ढिसाळ होती. भुईमुगाचे व्यापारी मालट्रककडे वळले. गिऱ्हाईक गेल्यावर रेल्वे शुद्धीवर यायला हवी होती. ती आणखीच ढिसाळ झाली. ज्यांच्या ओरडण्याला वजन होते तेच निघून गेले. मागे राहिले ते ज्यांचे ओरडणे कोणी ऐकत नसे.

पाण्याच्या बाबतीत आम्ही असेच निघून गेलो. रस्त्याचे मात्र तसे होण्याचे कारण नव्हते. प्रत्येकाला खाजगी रस्ता बांधता येत नाही. आयुक्त असो की भाजीवाला, शेवटी त्याच डांबरावरून जायचे, आणि म्हणून रस्ता ही आमच्या शहरात सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली जवळजवळ शेवटची गोष्ट होती. या गाडीने ती किमया केली. रस्त्यावर राहूनच रस्ता सोडून जाता येऊ लागले. पूर्वी पालखीत बसणाऱ्यालाही खड्डा कळत नसे. पण भोयाचा पाय मुरगळला की तो कण्हत असे, पालखी कलत असे, आत बसलेल्याला काही तरी कळे. गाडीखालच्या स्प्रिंगा कण्हत नाहीत.

जिनिंगवाल्या मित्राने यावर हिशेब मांडला. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या १३ टक्के रस्ताकर. म्हणजे त्याच्या गाडीवर सहा लाखांच्या आसपास. “मी रस्त्याचे पैसे भरले आहेत. आता मला तो जाणवू नये, हा माझा हक्क आहे.” हिशेब चोख आहे. परंतु त्याने रस्त्यासाठी एकदा पैसे दिले आणि रस्ता जाणवू नये म्हणून दुसऱ्यांदा दिले. दुसरी वस्तू चांगली निघाल्यामुळे पहिलीची चौकशी करायची तो विसरला. एरवी कापसाच्या गाठीत दोन किलोची तूट आली तरी तो कोर्टात जाईल असा माणूस आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे म्हणणे मला मान्य आहे. शेतकऱ्याचे तर अधिकच मान्य आहे. ज्याच्या बापाची हाडे त्या वाटेने वाजली त्याला रस्ता जाणवण्याची गरज नाही. तो त्याच्या स्मरणात आहे. पण त्याच्या नातवाला, जो याच गाडीत झोपून शाळेत जातो, रस्ता कशाने कळणार? एक पिढी आठवणीवर निभावते. पुढची पिढी बधिरच जन्माला येते, आणि तिला दोषही देता येत नाही. मला भीती वाटते ती याची.

फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणच्या रस्त्याने दिंड्या चालत असतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या शेजारून गेलो. काचा बंद होत्या. टाळ हलताना दिसत होते, ओठ हलताना दिसत होते, आणि गाडीत आवाज नव्हता. मला ते दृश्य तेव्हा सुंदर वाटले होते. आज आठवले की कसेसे होते. नाथांनी कावडीतले गंगेचे पाणी वाटेतल्या तहानलेल्या गाढवाला पाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यांच्या करुणेला हात जोडतो. त्या कथेत नाथ पायी चालत होते ही गोष्ट कोणी सांगत नाही. १२० च्या वेगात गाढव दिसले असते का? कदाचित नाथांना दिसले असते. मी नाथ नाही.

बधिर पायावर आमच्या शास्त्रात उपचार फारसा नाही; गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. आम्ही एवढेच सांगतो: रोज रात्री आरसा घेऊन तळपाय पाहा. जे जाणवत नाही ते पाहावे लागते. हा आरसा मीही शोधून पाहिला. हिवाळ्यात पंधरा दिवस कंपाउंडरची स्कूटर घेऊन दवाखान्यात गेलो. तिसऱ्या दिवशी घर ते दवाखाना वाटेतले चौदा खड्डे तोंडपाठ होते. पाचव्या दिवशी मी आयुष्यातला पहिला तक्रारअर्ज लिहिला, आठव्या दिवशी ओळखीच्या नगरसेवकाला फोन केला, आणि आश्चर्य म्हणजे दोन खड्डे बुजले. डॉक्टरच्या फोनला वजन असते. ते वजन माझ्यापाशी इतकी वर्षे होते आणि मला फोन करावासा वाटला नव्हता, याची लाज वाटली. बाराव्या दिवशी कंबर धरली. सोळाव्या दिवशी मी गाडीत बसलो. महिन्याभरात खड्डे पुन्हा उखडले असावेत. मला कळले नाही.

गाडी विकावी असे अनेकदा मनात येते. विकलेली नाही. तिची सवय लागली आहे आणि माझी कंबर आता स्कूटरची राहिलेली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. सध्या एवढेच करतो, की हात-पाय मोडून येणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठे पडलात?’ असे विचारतो आणि जागा एका वहीत लिहितो. दर महिन्याला ती यादी पाठवतो. म्हणजे व्यवस्था अशी झाली आहे, की दुसऱ्याचे हाड मोडते तेव्हा मला खड्डा कळतो. हा आरसा भीषण आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आला तर सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. न्यायालयाला रस्त्याची वेदना रुपयांत करून संबंधितांना टोचावी लागली, याचा अर्थ इतर कुठल्या मार्गाने ती पोचत नव्हती.

त्या मुकुंदवाडीच्या बाईंची गोष्ट पुरी सांगायची राहिली. सहा आठवड्यांनी त्या प्लास्टर काढायला आल्या. मुलाची वाळूजला दुसरी पाळी होती, म्हणून एकट्याच आल्या होत्या. बाहेर पाऊस लागला, रिक्षा मिळेना, रात्रीचे नऊ वाजून गेले. मी म्हटले, चला, मी सोडतो. त्या पुढच्या आसनावर अंग चोरून बसल्या. मोकळा झालेला हात त्यांनी मांडीवर असा ठेवला होता की जणू दुसऱ्या कोणाचा आहे. पट्टा मी लावून दिला. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी काच हाताने पुसली आणि बाहेर पाहू लागल्या.

“इथंच पडले होते ना मी, डॉक्टरसाहेब?”

“हो. आत्ताच गेलं ते ठिकाण.”

“झाला वाटतं रस्ता,” त्या म्हणाल्या. “बरं झालं बाई.”

मी गाडी थांबवली, हळूच मागे घेतली आणि दिव्यांचा झोत त्या जागेवर धरला. पाण्याने काठोकाठ भरलेला खड्डा उजेडात चमकत होता. पूर्वीपेक्षा मोठा झाला असावा. बाई पुढे वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा खड्ड्याकडे. मागून एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला. मी गाडी तशीच उभी ठेवली आणि दिवा चालू ठेवला, तो खड्ड्याला वळसा घालून पुढे जाईपर्यंत.